कडेची पल्लवी

माझ्या दुकानापुढे सावलीसाठी एक मोठा फ्लेक्स बांधला आहे. त्याच्याखाली उभं राहून वर पाहिलं की पल्लवी काळमेघचं अर्धं नाक दिसतं. ते नाक माझ्या शिलाई मशीनपेक्षा लांब आहे. नाकाशेजारी ‘इकडे’ एवढीच अक्षरं आहेत, पुढचा मजकूर कापताना गेला. ब्लाउजचं माप देता देता बायका वर बघतात आणि विचारतात, “काकू, हे नाक कोणाचं वं?” मी सांगते, होती आमच्या गल्लीतली एक. छापील बाजू खाली आणि पांढरी वर असा उलटा का बांधला, हेही विचारतात. पांढऱ्याने ऊन कमी लागतं, असं मी सांगते.

होती म्हणजे बदली होऊन गेली. लोकांना लगेच पदर डोळ्याला लावायची घाई असते, म्हणून आधीच सांगून टाकते. ती ठणठणीत आहे. कुठेतरी वाळवंटाच्या बाजूला नव्या पोरांना विमान शिकवते आणि मला खात्री आहे की ती पोरं तिला टरकून असतात.

पल्लवी हवाई दलात होती आणि काही वर्षं हवाई कसरतींच्या पथकात होती. नऊ विमानं एकमेकांना जवळजवळ चिकटून उडतात, उलटी होतात, धुराने आभाळात बदाम काढतात आणि खाली लोक तोंडं उघडी ठेवून मोबाइल वर धरतात, तेच ते पथक. माझं या प्रकाराबद्दल पहिल्यापासून एक मत होतं आणि मी ते तिला तोंडावर सांगितलं होतं. आभाळात रंगीत धूर सोडायला एवढी हुशार पोरगी कशाला लागते?

तिला राग आला नाही. “वरातीचा बँड आहे काकू,” ती म्हणाली. “फक्त बँडवाल्यानं बेसूर वाजवलं तर कोणी मरत नाही.”

तिचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. ती आठवीत असताना त्यांनी प्रताप नगरात, माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत घर बांधलं आणि निवृत्त होईपर्यंत स्टाफ बसने कोराडीला जात राहिले. पुढे पल्लवीचं नाव झाल्यावर एका पेपरवाल्याने लिहिलं की लहानपणी कोराडीच्या गच्चीवरून विमानं बघत ती आकाशाची स्वप्नं पाहायची. मी तो पेपर तिला दाखवला.

“मी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यावरची राख झाडायले जायची,” ती म्हणाली. “आईनं सांगितलं म्हणून. विमान कोणी पाहिलं?”

“मग हवाई दलात काहून गेलीस?”

“मले नोकरी पाहिजे होती. आणि ढिल्या लोकांसोबत नको होती.”

हे पेपरवाल्याला सांगितलंस का, विचारलं तर म्हणाली, सांगितलं होतं, त्याने लिहून घेतलं नाही.

कमिशन मिळून अधिकारी झाल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती ओव्हरॉल घेऊन. खाली-वर एकाच तुकड्याचा तो हिरवा पोशाख पुरुषाच्या मापाचा होता. कमरेत दोन पल्लव्या मावतील एवढा ढिला, नितंबावर घट्ट आणि बाह्या बोटांपर्यंत. मी टेप घेतला आणि सवयीने म्हणाले, छान फिटिंगचा करून देते.

“फिटिंग नको. कापड कुठे अडकलं नाही पाहिजे आणि बसल्यावर ओढलं नाही पाहिजे. दिसायले कसं बी राहू द्या.”

तीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही बाईने मला हे वाक्य ऐकवलं नव्हतं. मग तिने दार लोटून घेतलं आणि खरी अडचण सांगितली. चेन गळ्यापासून खाली येते आणि पुरुषाच्या सोयीपुरती येऊन थांबते. बाईने काय करायचं? अख्खा पोशाख उतरवायचा. म्हणून ती उड्डाणाच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायची. नागपूरच्या पोरीने पाणी कमी प्यायचं! मी तिला दोन शिव्या दिल्या, चेन मागच्या बाजूपर्यंत वळवून नेली, खालून उघडायला दुसरा रनर बसवला आणि वरून पट्टी शिवली. अर्ध्या दिवसाचं काम. विमान आवाजापेक्षा जोरात कसं जाईल यावर शहाण्यांनी डोकी शिणवली आणि बाईला लघवी लागते हे कापड कापणाऱ्या एकालाही आठवलं नाही. पुढे तिने आणखी चार जणींचे ओव्हरॉल पाठवले. आभार मानायची तिला सवय नव्हती. परत आलं की ओव्हरॉल टेबलावर टाकायची आणि म्हणायची, “उजव्या खांद्यात पाव इंच ओढून राहिलं.”

पाव इंच, अर्धा इंच, दोन बोटं. या पोरीला मोजमापाशिवाय काही कळत नसे. मोघम कौतुकाचा तर तिला मनापासून तिटकारा. तिच्या पथकाचा कुठलातरी कार्यक्रम टीव्हीवर पाहून शेजारीण धावत आली आणि म्हणाली, “पल्लवी, काय भारी झालं गं!”

“किती?”

“म्हणजे?”

“किती भारी? डावीकडचे जवळ होते की लांब?”

शेजारीण म्हणाली, सगळेच छान होते. पल्लवी चप्पल घालून निघून गेली. ती गेल्यावर शेजारीण म्हणाली, पोरीला गर्व झालाय. गर्व नव्हता. पोरीला उत्तर हवं होतं आणि शेजारणीकडे ते नव्हतं, एवढंच.

हे खूळ तिला पथकाने लावलं होतं. विमानातून उतरलं की सगळे एका खोलीत बसतात. हुद्दा दाराबाहेर. मग सगळ्यात पुढचा, म्हणजे पथकाचा प्रमुख, स्वतःच्या चुका सांगतो. मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्याची चूक काढायची नाही, आपली आधी सांगायची. दुसऱ्याने काढायच्या आत सांगायची. त्यानंतर चित्रफीत लावतात आणि जे राहिलं ते बाहेर येतं. “चुकलं तर चालते,” ती मला सांगायची. “लपवलं तर नाही चालत. मी कुठे होती हे मीच खोटं सांगितलं, तर उद्या बाजूचा माणूस माझ्यावर विसंबून तीन-चार हातांवर कसा उडवन?”

सुट्टीवर आली की ती हाच खाक्या घरात चालवायची. एकदा जेवताना ताट पुढे ठेवून आईला म्हणाली, “आई, आधी तू सांग.”

“काय सांगू?”

“वरणात काय चुकलं ते.”

“माझ्या वरणात चूक काढून राहिली काय वं?”

“मी नाही काढून राहिली. तूच सांगायची.”

आईने वरणाचं पातेलं उचलून आत नेलं. त्या दिवशी काळमेघांकडे भात कोरडा खाल्ला गेला.

पथकात तिची जागा कडेची. नऊ विमानं बाणाच्या टोकासारखी उडतात तेव्हा डावीकडचं सगळ्यात शेवटचं विमान तिचं. मला वाटायचं, कडेचं म्हणजे हलकं काम. तिने माझ्या कापण्याच्या टेबलावर नऊ बटणं मांडून दाखवलं. पुढच्याने इंचभर हालचाल केली की दुसऱ्याला दोन इंच हलावं लागतं, तिसऱ्याला चार, आणि ते वाढत वाढत कडेला पोचेपर्यंत हातभर होतं. मला ते लगेच कळलं. घेरदार घागऱ्याचं तसंच असतं. कमरेत जरा चूक झाली की खालच्या घेरात ती हातभर होऊन बाहेर पडते.

आणि कडेच्या माणसाने पाहायचं काय? आभाळ नाही, जमीन नाही, गर्दी नाही. शेजारच्या विमानावरच्या दोन खुणा एकमेकींवर आलेल्या दिसल्या पाहिजेत, बस. पंचवीस मिनिटं फक्त त्या दोन खुणा. “तू उलटी असतेस तेव्हा नागपूर कसं दिसतं?” असं तिला कोणीतरी विचारलं होतं. “मले नागपूर दिसलं तर मी मेली,” ती म्हणाली. विचारणाऱ्याने हे वाक्य थरारक आहे म्हणून वहीत लिहून घेतलं. ती साधी माहिती देत होती.

या सगळ्याचा सराव ती माझ्या दुकानातल्या स्टुलावर करायची. घरी आई सारखी खायला विचारते म्हणून. डोळे मिटायची, उजवी मूठ गुडघ्यांमध्ये, डावी मांडीशेजारी, आणि पथकप्रमुखाचे हुकूम पुटपुटायची. मूठ हलायची ती जेमतेम. मान एका बाजूला कलायची, श्वास जोरात चालायचा. एकदा लकडगंजहून एक बाई पोरीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या, पल्लवीकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि हात जोडून मला हळूच विचारलं, “कोणती देवी येते?”

मी काही बोलायच्या आत पल्लवी डोळे न उघडता म्हणाली, “थांबा, उलटी होऊन राहिली.”

बाई पिशवी तिथेच टाकून पळाल्या. ब्लाउज न्यायला नवरा आला. तो दुकानात शिरला नाही.

तिला आयुष्यात सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र देवीचा नव्हता. पथकाबरोबर जमिनीवर माइकवरून बोलणारं कोणीतरी असतं, आता अमुक विमान इकडून येईल म्हणून सांगणारं. पल्लवी पथकात आहे म्हटलं की समोरचा माणूस समजूतदार चेहरा करून विचारायचा, “निवेदन करता वाटतं?” ती म्हणायची, नाही, उडवते. तो म्हणायचा, “हो हो, पण निवेदन कोण करतं?” हा संवाद मी स्वतः चार वेळा ऐकला आहे. चौथ्यांदा एका लग्नाच्या हॉलमध्ये तिने उत्तर दिलं, “मी जेवण वाढते.” त्यावर त्या गृहस्थांचं समाधान झालं.

आता डांगोरे सर. त्यांना टाळून हे लिहिता आलं असतं तर मी टाळलं असतं.

डांगोरे सर तिच्या शाळेत कवायत शिकवायचे. नववीत पल्लवी ताडासारखी वाढली, तेव्हा सरांनी तिला रांगेतून काढून कडेला उभी केली. फोटोत रेष बिघडते म्हणून. तिच्या आईने विचारलं तर म्हणाले, “उंच मुली कडेला बऱ्या. मधे आल्या की इतरांवर अन्याय होतो.” पुढे ते मुख्याध्यापक झाले, मग निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर माणसाने काय करावं हे न सुचल्यामुळे सत्कार करू लागले. दहावीत पहिली आलेली, शंभरी गाठलेले, रक्तदान केलेले, कोणीही सापडला की शाल. सत्काराला आणि अंत्यदर्शनाला त्यांचा एकच कोट होता.

पथक नागपुरात येणार, वायुसेना नगरच्या मैदानावर कार्यक्रम होणार असं जाहीर झालं तेव्हा सरांनी समिती स्थापन केली. समितीत सगळे एकाच वयाचे आणि एकाच आवाजाचे. शनिवारी रंगीत तालीम, रविवारी दुपारी कार्यक्रम, संध्याकाळी सहाला शाळेच्या सभागृहात सत्कार. पत्रिकेत पल्लवीच्या नावापेक्षा सरांचं नाव मोठं होतं. काटोलहून काळमेघांचे पाहुणे निघाले. आई लाडू वळू लागली.

पल्लवी शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आली. छातीवरच्या बिल्ल्याची शिवण उसवली होती. मी ती घालत असताना म्हणाली, “काकू, उद्या तालमीले तुमच्या गच्चीवर उभं राहा. आम्ही वळून परत येताना इकडूनच जातो. रेष पाहा आणि मले सांगा.”

“मला काय कळतं विमानातलं?”

“विमानातलं नाही. रेषेतलं. तुमच्याइतका वाईट डोळा मी कोणाचा पाहिला नाही. बाकी सगळे म्हणतीन, भारी.”

तिच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती.

शनिवारी मी गच्चीवर गेले. मैदान लांब, तिथलं काही दिसत नाही. पण नऊच्या नऊ विमानं वळण घेऊन आमच्या डोक्यावरून परत जायची. मी रेष बघत होते. एकदा उजवीकडचा तिसरा जरा मागे राहिला. आणि पुढच्या फेरीत, शाळेच्या बरोबर वर, डावीकडची कड उसवली. टाका सुटावा तशी. क्षणभर. लगेच परत धरली गेली.

मी शाळेच्या दिशेला पाहिलं आणि मला कारण दिसलं. शाळेची इमारत बैठी, तिची गच्ची आमच्या गच्चीवरून खाली दिसते. तिच्यावर अख्खी गच्ची झाकेल एवढा फ्लेक्स आडवा पसरला होता. वरून दिसावा म्हणून. त्यावर पल्लवीचा चेहरा आणि शेजारी हातभर अक्षरांत, ‘पल्लवीताई, इकडे पाहा!’

जिला इकडेतिकडे पाहायची बंदी आहे, तिला एवढी मोठी चिठ्ठी. ती लिहिणारा माणूस पंचवीस वर्षं पोरांना ‘सामने देख’ ओरडत होता.

संध्याकाळी ती आली आणि स्टुलावर बसली.

“बोला काकू.”

“दोन जागी. उजवीकडचा तिसरा मागे होता.”

“ते त्यानं सांगितलं. दुसरी?”

“शाळेच्या वर. कड उसवली.”

ती टेबलावरची रिळं एका ओळीत लावू लागली.

“तिकडून कोणाले दिसत नाही,” ती म्हणाली. “कॅमेरा मैदानावर राहते. माझ्या पलीकडे कोणी विमान बी नाही.”

“खाली पाहिलंस?”

“डोळ्याच्या कोपऱ्यात चमकलं काही. मले वाटलं, कोणाच्या घराले आग लागली. पाहिलं तं मीच. माझं नाक!”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

“मग खोलीत सांगितलंस ना?”

रिळं लावून झाली होती. तिने ती मोडली आणि पुन्हा लावायला घेतली.

“नाही.”

“काहून?”

“काय सांगू? का मी माझा फोटो पाहून राहिली होती? आठ माणसं बसली होती समोर. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, काही नाही.” मग एक रीळ ओळीत सरकवत म्हणाली, “आता सांगितलं तं उद्या मले उडवू नाही देणार. काटोलचे सगळे येऊन राहिले. बाबा मैदानावर जाऊन राहिले. आणि कोणाले दिसलं बी नाही, काकू.”

मला लोकांच्या पोरींना उपदेश करायची हौस नाही. इस्त्री तापली होती, मी कापडावर पाणी मारलं. “मला दिसलं,” एवढंच म्हणाले.

ती उठली. चहा टाकला होता, तो न घेता गेली.

रविवारी काळमेघबाई माझ्या गच्चीवर आल्या. गुडघ्यामुळे त्यांना मैदानावर बसवत नाही. खुर्ची दिली, त्यांनी डब्यातून लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. विमानं आली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि कडेच्या विमानाकडे हात जोडून म्हणाल्या, “ते पाह्य! ते पाह्य वं माझी पल्लवी!”

मी पाहिलं. नऊ होती. रेष सरळ होती. पण कडेचा हात दुसरा होता.

हे मी नीट सांगते, नाहीतर कोणाला चमत्कार वाटायचा. एका ब्लाउजची एक बाही माझ्याकडे शिवलेली आणि दुसरी दुसरीकडे, असं काम समोर आलं तर मला न उसवता कळतं. टाका तोच, दोरा तोच, पण ओढ वेगळी असते. पल्लवी रेषेत सावकाश यायची, ताणायची नाही. आजचा कडेचा माणूस घाईने येत होता, जास्त येत होता, परत सरकत होता. चांगला होता. पल्लवी नव्हता.

शेजारी बाई रडत होत्या. मी लाडू खाल्ला. लाडू चांगला झाला होता.

सत्काराला सभागृह भरलं होतं. पल्लवी त्याच ओव्हरॉलमध्ये आली, तिने शिष्टाचाराचा गणवेश घातला नाही म्हणून समितीत कुजबुज झाली. डांगोरे सरांनी माइक घेतला. तो त्यांनी वीस मिनिटं सोडला नाही.

“आज दुपारी आपण सर्वांनी ह्याचि डोळा पाहिलं! ती डावीकडची शेवटची, ती आपली पल्लवी! मी तर विमान पाहताक्षणी ओळखलं. ती चाल, तो डौल! आणि आज एक गुपित सांगतो. नववीत असताना मीच तिला कडेला उभी केली होती. का? मला तेव्हाच दिसलं होतं!”

टाळ्या. मागून कोणीतरी म्हणालं, मीही ओळखलं. आणखी दोघांनी ओळखलं. काटोलच्या एका पाहुण्यांना तर ती आतून हात हलवताना दिसली होती.

शाल झाली, नारळ झाला. मग तिच्या हातात माइक आला.

“मी आज विमानात नव्हती,” ती म्हणाली.

सभागृह हसलं. सर बाजूच्या माइकवरून म्हणाले, “बघा, बघा! केवढा विनय!”

“विनय नाही. माझ्या जागी दुसरे होते. मी खाली कॅमेऱ्यापाशी होती.” तिचा आवाज अगदी सपाट होता, खोलीत आपली पाळी आल्यासारखा. “काल तालमीत वळताना मी खाली पाहिलं. पाहायचं नसते. माझं विमान रेषेतून सुटलं. उतरल्यावर ते सांगावं लागते, मी सांगितलं नाही. आज सकाळी सांगितलं. आमच्या प्रमुखांनी मले आज बसवलं. खाली पाहिलं म्हणून नाही. सांगितलं नाही म्हणून. त्यांचं बरोबर आहे. आज तुम्ही ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या ते इथे नाही. माझं झालं.”

ती बोलायची थांबली, पण माइक खाली ठेवला नाही. माइक धरून ती डांगोरे सरांकडे बघत राहिली. मी तिसऱ्या रांगेत होते आणि मला तो थांबण्याचा अर्थ कळला. आपली चूक सांगून झाली की पुढच्याची पाळी येते. ती नियमाप्रमाणे वाट बघत होती.

सरांचा चेहरा काही क्षण कोरा होता. मग तो हळूहळू उजळला.

“खाली पाहिलं?” ते म्हणाले. “शाळेच्या वर? म्हणजे... आमचा फ्लेक्स दिसला?”

तिने माइक खाली ठेवला.

“दिसला!” सर सभागृहाकडे वळले, हात वर केले. “ऐकलंत? वरून दिसला! एवढ्या वेगातून दिसला!”

आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळभरातल्या सगळ्यात मोठ्या. समितीचे सदस्य एकमेकांचे हात हातात घेत होते. ज्यांनी दुपारी तिला विमानात ओळखलं होतं तेही वाजवत होते. एका पोरीने आपला अख्खा दिवस या लोकांसमोर उघडा करून ठेवला होता, आणि त्यांना त्यात छपाईची गुणवत्ता दिसली. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली, बहुतेकांची मापंही घेतली. पण एका छताखाली एवढी पुन्हा पाहिली नाहीत.

बाहेर स्कूटरी लावलेल्या जागी तिची आई तिला धरून उभी होती. बाबा जरा लांब, नारळ हातात घेऊन.

“काहून सांगितलं वं?” आई म्हणत होती. “पाहुण्यांच्या समोर. मी त्या विमानाले हात जोडले. कोणाले समजलं होतं?”

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. “काकू, आज कडेचा कसा होता?”

“हात दुसरा होता,” मी म्हणाले. “तुझ्यापेक्षा घाईचा. दर वळणाला आधी जास्त आत यायचा.”

“किती?”

मी दोन बोटं दाखवली, मग एक मिटून घेतलं. “दीड.”

तिने मान हलवली. “त्यानं बी खोलीत हेच सांगितलं,” ती म्हणाली, आणि आईचा हात धरून रिक्षाकडे गेली. तिला त्या दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी नीट काही सांगितल्यासारखी चालत होती.

मंगळवारी सकाळी पथक नागपूर सोडून गेलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सोनेगावच्या विमानतळाकडून नऊच्या नऊ वर आली, धूरबीर काही नाही, नुसतीच निघालेली. शाळेच्या गच्चीवरचा फ्लेक्स समितीने अजून काढला नव्हता. एक कोपरा सुटून फडफडत होता, ऊन थेट चेहऱ्यावर होतं आणि ‘इकडे पाहा’ लखलखत होतं. मागच्या गल्लीत काळमेघबाई अंगणात येऊन दोन्ही हात वर करून हलवत होत्या.

विमानं शाळेवर आली. मी डावीकडच्या शेवटच्याकडे बघितलं. सावकाश आत आलेलं, न ताणलेलं. चेहऱ्यावरून, अक्षरांवरून, आईवरून, माझ्यावरून ती रेष सरळ निघून गेली, आणि कड केसभर हलली नाही.

माझ्या हातात ओला परकर होता. तो मी दोरीवर टाकला. हात हलवला नाही.